टॅपेट वाजतंय ते बरं!

मंडळी, आज राजकारण नाही. आज गाडीच्या इंजिनातल्या दोन छोट्या पोलादी तुकड्यांबद्दल लिहितोय. आपल्यापैकी बहुतेकांनी ते कधी पाहिलेले नसतील. पण विषय शेवटी रस्त्यांवर येईलच. रत्नागिरीत राहून तो टाळायचा कसा? पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

'ऑफ-रोड बाइक' म्हटलं की लडाख आठवतं, उंच मडगार्ड, जाड नक्षीचे टायर, पाठीवर पाण्याची पिशवी. आमच्या जिल्ह्यातली खरी ऑफ-रोड बाइक वेगळी आहे. पहाटे मिरकरवाड्यात मासळी भरून हातखांबा, पाली, नाणीज, साखरप्याच्या दिशेने निघालेली शंभर सीसीची स्प्लेंडर बघा. मागे क्रेट, दोन्ही बाजूंना पिशव्या, वर बर्फ. आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे महामार्गाचे पट्टे गेली कित्येक वर्षं खोदलेले, भरलेले, पुन्हा खोदलेले आपण बघतोय. मिऱ्या-नागपूरचं रुंदीकरण आलं, त्याचीही तीच कथा. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसात लाल चिखल. त्यातून रोज जाणारी गाडी कंपनीच्या कागदावर 'कम्यूटर' असेल, तिचं आयुष्य मोटोक्रॉसच्या गाडीचं आहे. फरक एवढाच, की मोटोक्रॉसवाला दर काही तासांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह तपासतो. आपण ते कधीच तपासत नाही, आणि आपल्याला ती सवय का लागली यालाही एक इतिहास आहे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, निदान दोन व्हॉल्व्ह असतात. आपले मेकॅनिक त्याला 'वॉल' म्हणतात, पुस्तकी मराठीत झडप. आकार अळंबीसारखा: लांब दांडा आणि खाली चपटी टोपी. एक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोल आत घेतो, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. बाकी वेळ दोघांनीही आपापल्या सीटवर घट्ट बसून राहायचं, कारण स्फोटाची सगळी ताकद त्यांच्या घट्ट बसण्यावर अवलंबून असते.

थोडा हिशेब करू. इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या निम्म्या वेळा उघडतो, म्हणजे मिनिटाला सव्वादोन हजार वेळा. रत्नागिरीहून कोल्हापूरला तीन तास धरले तर चार लाखांहून जास्त वेळा. एका खेपेत! धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर सातशे अंशांच्या घरात तापतो. त्याची उष्णता बाहेर कुठून जाणार? बरीचशी सीटमधून. तो सीटवर टेकतो त्या क्षणार्धात गरम टोपीतली उष्णता हेडमध्ये उतरते. नीट टेकलाच नाही तर तो गार होत नाही, कडा जळते, कॉम्प्रेशन जातं.

नीट टेकावा म्हणून व्हॉल्व्हचं वरचं टोक आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम एक फट ठेवतात. धातू तापला की वाढतो, त्यासाठी ही जागा. बहुतेक गाड्यांत ही फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, कुठे त्याहूनही कमी. डोक्याच्या केसाची जाडी समजा. हिलाच आपण 'टॅपेट सेटिंग' म्हणतो.

आता गंमत ऐका. ही फट वाढली तर टकटक आवाज येतो. लोक घाबरतात, गॅरेजला नेतात. ही फट कमी झाली तर काहीच आवाज येत नाही. उलट इंजिन मऊ वाटतं. गिऱ्हाईक म्हणतो, "काय स्मूथ चाललीय!" आणि आत व्हॉल्व्ह सीटपासून केसभर उचललेला राहून जळत असतो. एका जुन्या मेकॅनिकने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "वॉल वाजतोय ना, वाजू दे. गप झाला की घेऊन ये." गिऱ्हाइकाला मात्र नेमकं उलट वाटतं.

मोटारसायकलचा जन्म झाला तेव्हा या सगळ्याचा पत्ता नव्हता. १८८५ मध्ये जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली पेट्रोलची दुचाकी केली. तिचा आत घेणारा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा. पिस्टन खाली गेला की ओढ लागायची, तेवढ्यावर. विहिरीच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखं. इंजिन हळू फिरायचं, म्हणून चालून गेलं. वेग वाढला तसा कॅम लावून दोन्ही व्हॉल्व्ह ढकलावे लागले, आणि मग ते तुटायला, वाकायला, जळायला लागले. विमानांच्या इंजिनात तर हा जिवाचा प्रश्न होता. सॅम हेरॉन या इंग्रज इंजिनिअराने अमेरिकेत काम करताना व्हॉल्व्हचा दांडा पोकळ करून त्यात सोडियम भरायची युक्ती वापरात आणली. आत सोडियम वितळून खालीवर हिंदकळतो आणि टोपीची उष्णता दांड्यात नेतो. १९२७ मध्ये लिंडबर्गने एकट्याने न थांबता साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिस गाठलं, त्या विमानाच्या राइट कंपनीच्या इंजिनात असेच आतून थंड होणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होते. त्या उड्डाणावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. व्हॉल्व्हवर कोण लिहिणार? (आज मी लिहितोय.)

आपल्याकडे हा व्हॉल्व्ह दुचाकीवर बसून आला तो बुलेटच्या रूपात. बुलेट ही मुळात ऑफ-रोड गाडी, हे आज तिच्यावर क्रोमचे दागिने चढवून महाबळेश्वरला फोटो काढणाऱ्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९४८ मध्ये इटलीतल्या सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल या स्पर्धेत नव्या बुलेट उतरल्या आणि सुवर्णपदकं घेऊन आल्या. स्कॉटलंडच्या दगडधोंड्यांतली सहा दिवसांची स्पर्धा १९५२ मध्ये जॉनी ब्रिटनने रॉयल एनफिल्डवरच जिंकली. भारतीय सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, बुलेट पसंत पडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली.

त्या जुन्या बुलेटचं टॅपेट सेटिंग ज्याने केलंय त्याला आजच्या गाड्यांचं सेटिंग कारकुनी वाटतं. उजव्या बाजूला सिलिंडरच्या बुडाशी एक छोटं झाकण, एका नटावर. ते काढलं की दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतात. फिलर गेज लागत नाही. इंजिन थंड हवं, आणि पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. बस. मोजमाप सगळं बोटांत. सैन्याला हेच हवं होतं: डोंगरात, थंडीत, दोन पान्यांनी होणारं काम. पुढच्या काळातल्या बुलेटमध्ये ऑइलच्या दाबावर आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हे बोटांचं शास्त्र त्या गाड्यांपुरतं संपलं.

पण कोकणात बुलेट किती जणांकडे होती? रस्तेच नव्हते. मुंबईला जायचं तर कित्येक वर्षं आपली माणसं बोटीने गेली. व्हॉल्व्ह मात्र आपल्याकडे होते. एसटीच्या डेपोत होते, चिरेखाणीवरच्या ट्रकमध्ये होते, मिरकरवाड्याच्या लाँचमधल्या डिझेल इंजिनात होते, बागेतल्या पंपात होते. व्हॉल्व्ह घासणारे, सीट बसवणारे हात रत्नागिरीत होते, ते मोठ्या इंजिनावर चालायचे. दुचाकीचं गॅरेज ही नंतरची आणि वेगळी दुनिया, आणि ती उभी राहिली टू-स्ट्रोकवर.

इथे महाराष्ट्राचा मोठा हात आहे. मुंबईत लॅम्ब्रेटा तयार व्हायला लागली, पुण्याला आकुर्डीत बजाज, अहमदनगरला कायनेटिकची लुना १९७२ पासून. बाहेरून फरीदाबादची राजदूत आली, म्हैसूरची जावा नि तिचीच पुढे येझदी झाली, १९८५ पासून यामाहाची आरएक्स-१००. या सगळ्या टू-स्ट्रोक. सिलिंडरच्या भिंतीला भोकं पाडलेली असतात, पिस्टन वरखाली जाताना तीच भोकं झाकतो नि उघडतो. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टॅपेट नाही. आमच्याकडे बजाज एम-८० म्हणजे मासळीचं अधिकृत वाहन होतं, त्या काळात किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा. या गाड्या सतत लक्ष मागायच्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लग काळा झाला की काढून पॉलिशपेपरने घासायचा, सायलेन्सरमध्ये कार्बन साठला की काढून जाळायचा. मालकालासुद्धा निम्मं काम यायचं. गाडी बिघडायची ती ओरडून, धूर ओकून, रस्त्यात बंद पडून. लपवाछपवी नव्हती.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली. सत्त्याण्णव सीसीचं होंडाचं फोर-स्ट्रोक इंजिन. ऑइल मिसळायचं नाही, धूर नाही, ॲव्हरेज असं की लोकांना खोटं वाटायचं. तिच्या जाहिरातीचं सांगणं साधारण असं होतं, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. जाहिरात म्हणून अफलातून. गाडी खरोखरच तशी होती, आजही त्या वंशाच्या गाड्या खेड्यापाड्यांत पळताहेत. पण 'विसरून जा' हे आपण जरा जास्तच मनावर घेतलं. टू-स्ट्रोकचा मालक दर आठवड्याला गाडीचं काहीतरी उघडायचा. फोर-स्ट्रोकच्या मालकाने चार-चार वर्षं काहीच उघडलं नाही.

गॅरेजवाल्यांची अवस्था वेगळीच. पिस्टन-रिंग, पोर्ट, क्रँक यांच्यात हात बसलेल्या माणसांपुढे एकदम टायमिंग चेन, कॅम, रॉकर, व्हॉल्व्ह आले. या इंजिनाच्या हेडवर दोन षटकोनी टोपणं असतात, ती उघडली की आत रॉकरचे स्क्रू. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवायची, दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. मग पट्टी सरकवून फट मोजायची. फिलर गेज सगळ्यांकडे कुठलं? दाढीचं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, कित्येकांनी त्यावर काम भागवलं. हसू नका, ब्लेडवर सेट केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या. गडबड झाली ती दुसरीकडे. 'टकटक बंद करून द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हात टेकून फट गरजेपेक्षा कमी करून देणं सुरू झालं. आवाज गेला, गिऱ्हाईक खूश, आणि काही महिन्यांनी चढावर दम टाकणारी गाडी.

२००० साली दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. शिसं माणसाच्या मेंदूला विष होतं, ते गेलं हे उत्तमच. पण जुन्या इंजिनांत त्याचं एक वेगळं काम होतं. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसायचा आणि सीटची झीज कमी व्हायची. ते गेल्यावर सीट कडक धातूची असणं आणि फट वेळेवर तपासणं याला जास्त किंमत आली. नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक गाड्या शोरूममधून एकेक करून गेल्या. म्हणजे पुढच्या पाच-सहा वर्षांत रत्नागिरीतली जवळपास प्रत्येक नवी गाडी व्हॉल्व्हवाली झाली, आणि त्याच काळात डंपर वाढले, चिरेखाणी वाढल्या, पुढे चौपदरीकरण आलं.

जगात मातीतल्या शर्यतींमध्ये याच सुमारास असाच पालट चालला होता, तो आपल्याला शिकवण्यासारखा आहे. डकार रॅली पहिल्यांदा २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून सुटली. सिरिल नव्हू हा फ्रेंच तरुण ती यामाहा एक्सटी-५०० वर जिंकला. एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, हवेवर थंड होणारं साधं फोर-स्ट्रोक. वाळवंटात टोपण उघडून, स्क्रू फिरवून फट लावता यायची. मोटोक्रॉसमध्ये मात्र तेव्हा टू-स्ट्रोकचं राज्य होतं, कारण हलकी आणि उसळणारी. ते राज्य हललं मे १९९७ मध्ये. लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने यामाहाची ४०० सीसी फोर-स्ट्रोक पहिली आणली. पुढच्या वर्षी तीच गाडी वायझेड-४००एफ म्हणून विक्रीला आली, पाच-पाच व्हॉल्व्ह असलेली. मग चढाओढ लागली. २००२ च्या होंडा सीआरएफ-४५०आर मध्ये हवा घेणारे व्हॉल्व्ह टायटॅनियमचे होते. टायटॅनियम पोलादापेक्षा ४० टक्क्यांनी हलका, त्यामुळे इंजिन भन्नाट फिरतं. पण त्याच्यावर एक अतिशय पातळ कडक थर असतो. फिल्टरमधून धूळ शिरली की तो थर खरवडला जातो आणि त्यानंतर व्हॉल्व्ह भराभर झिजतो.

टू-स्ट्रोकवर वाढलेल्या तिकडच्या स्वारांचे या गाड्यांनी खिसे रिकामे केले. मग ते शिकले. किलोमीटर मोजणं सोडून त्यांनी इंजिन किती तास चाललं हे मोजायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी फट मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. पहिल्यांदा कमी झाली तर शिम बदलून पुन्हा लावायची. लगेच पुन्हा कमी झाली तर समजायचं, व्हॉल्व्ह गेला, आता शिम बदलत बसण्यात अर्थ नाही. आणि एक महत्त्वाचं निरीक्षण: डांबरी रस्त्यावरच्या गाडीत आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दमतो, कारण उष्णता. मातीतल्या गाडीत बऱ्याचदा आधी इनटेक दमतो, कारण धूळ त्याच्याच वाटेने आत येते. धुळीच्या रस्त्यावर रोज चालणारी गाडी गॅरेजला आली आणि इनटेकची फट बंद झालेली सापडली, तर मेकॅनिकने आधी एअर फिल्टरचा डबा उघडावा.

आपल्याकडे ऑफ-रोडच्या नावाने विकलेल्या गाड्या नंतर आल्या. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि चालली नाही, वेळेआधी आली होती बिचारी. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ मध्ये एक्सपल्स २००, २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, तीही आपल्या चाकणला तयार झालेली. दरम्यान बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला आणि पोरांना वेड लागलं. आता आपल्याकडेही शनिवार-रविवारी या गाड्या सड्यावर दिसतात. (जाता जाता: कातळशिल्पांच्या सड्यावर गाडी घालू नका. ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. हजारो वर्षं टिकलेली रेघ टायरखाली पुसायला वेळ लागत नाही.)

पहिल्या हिमालयनची फट स्क्रूवर लागायची, कुठल्याही चांगल्या गॅरेजात होणारं काम. केटीएमसारख्या डबल कॅमच्या इंजिनात स्क्रू नसतो. तिथे बटणाएवढी पोलादी चकती असते, शिम. ती वेगवेगळ्या जाडीत मिळते. फट मोजायची, जुन्या शिमची जाडी मोजायची, बेरीज-वजाबाकी करून नव्या जाडीची शिम टाकायची. त्यासाठी बरंच काही उघडावं लागतं. मायक्रोमीटर लागतो आणि शिमचा पूर्ण डबा लागतो. आपल्या भागात असा डबा ठेवणारी गॅरेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यामुळे ही गाडी घेणाऱ्याने आधी कोल्हापूर-पुण्याची फेरी हिशेबात धरावी.

आता आपली माती. जांभ्याची धूळ लोखंडाच्या गंजाची आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, वर रस्त्याच्या कामातली खडीची भुकटी मिसळलेली. खडीतली भुकटी पोलादाला सरळ घासते. व्हॉल्व्ह घासायला मेकॅनिक जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतात तिच्यात वेगळं काय असतं? बारीक कडक कण आणि वंगण. फुटलेल्या फिल्टरच्या गाडीत ही पेस्ट रस्ताच पुरवतो, फुकट, चोवीस तास. व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट मिटते. गप्प वॉल.

आणि कंपनीच्या पुस्तकातलं वेळापत्रक? त्याच पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की धुळीच्या भागात फिल्टर लवकर तपासा, लवकर बदला. आपल्याकडे कुणी ते वाचत नाही आणि सर्व्हिसिंगला फिल्टर काढून उलट-सुलट हवा मारून परत बसवतात. तेल लावलेल्या कागदी फिल्टरवर हवा मारणं म्हणजे तो फाडणं. तो बदलायचाच असतो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवायचा. एका नव्या फिल्टरची किंमत आणि हेडच्या कामाची किंमत यांची तुलना प्रत्येकाने आपापल्या गॅरेजात विचारून करावी.

इथे मला थोडं चिडून लिहू द्या. रस्ता खोदताना धूळ बसवायला टँकरने पाणी मारायचं असतं, ही अशा कामांतली नेहमीची अट आहे. पाणी मारलं नाही की कुणाचे तरी पैसे वाचतात. ते पैसे हवेत जात नाहीत. ते मासेवाल्याच्या, पेपर टाकणाऱ्याच्या, वायरमनच्या, आशाताईला सोडायला जाणाऱ्या नवऱ्याच्या गाडीच्या हेडमधून वसूल होतात. धुळीने दमा होतो यावर निदान निवेदनं निघतात. एका मासेवाल्याची गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली तर त्याचे चार दिवसांचे पैसे आणि बांधलेली गिऱ्हाइकं दोन्ही जातात, त्याची नोंद कुठल्याही फायलीत होत नाही.

गाडी गेलीच तर काय करायचं, तेही लिहितो, कारण इथेच माणूस फसतो. लक्षणं अशी: सकाळी थंड गाडी सुरू व्हायला त्रास, नुसती उभी असताना बंद पडणे, निवळीच्या घाटात गिअर खाली टाकायला लागणे, सोडताना सायलेन्सरमधून फटाके. किक असेल तर पाय सहज खाली जातो, पूर्वीसारखा अडत नाही. पहिलं काम टॅपेट तपासणं, इंजिन पूर्ण थंड असताना, आदल्या रात्रीपासून उभं. फट तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे लावा, शेजाऱ्याच्या गाडीच्या नाही. नुसत्या सेटिंगने गाडी ताळ्यावर आली तर नशीब चांगलं. पण हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तपासा.

नाही आली तर हेड उतरवावं लागेल. हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह जागेवर ठेवूनच पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून बघायला सांगा. टोपीच्या कडेने पाझरलं तर बसत नाही हे तुम्हालाही डोळ्यांनी दिसेल. कडा नुसती डागाळलेली असेल तर व्हॉल्व्ह घासून बसवता येतो: कडेला पेस्ट, टोपीला रबरी कपाची काठी, दोन्ही तळहातांत धरून ताकाची रवी फिरवतो तशी मागेपुढे. शेवटी कडेला सगळीकडे सारख्या रुंदीचा राखाडी पट्टा दिसला पाहिजे. मग पेस्टचा कणही शिल्लक राहता कामा नये, नाहीतर धूळ काढून धूळच घातली. वॉल सील स्वस्त असतं, नवंच टाका. कडा जळून खाच पडली असेल किंवा दांडा गाइडमध्ये डुलत असेल तर घासण्यात वेळ घालवू नका. तिथे नवा व्हॉल्व्ह, नवा गाइड आणि सीट कटिंग. हे मशीनचं काम, आपल्याकडून असे हेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात जात आले आहेत. टायटॅनियमचा व्हॉल्व्ह मात्र कधीच घासायचा नाही, तो वरचा थरच निघून जातो.

अलीकडे सरळ 'अख्खं हेड बदला' असं सांगतात. प्रत्येक वेळी ती लूट असते असं मी म्हणणार नाही. कॅमचं बेअरिंग गेलेलं असेल, सीट सैल असेल, तर तेच बरोबर. शिवाय दिवसभर बसून हेड दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मजुरीला आपण कटकट करतो आणि पार्टच्या छापील किमतीला मुकाट पैसे देतो. मग तो तरी कशाला घासत बसेल? जुने घासणारे हात साठीच्या पुढे गेलेत. त्यांच्या मुलांपैकी बरेच मुंबईला किंवा पुण्याला चाकणच्या कंपन्यांत आहेत. तिथे नवीन इंजिनं जोडतात, जुनी उघडत नाहीत.

शेवटचं, खास चाकरमान्यांसाठी. तुमची गाडी मे महिन्यात गावच्या पडवीत लागते आणि गणपतीला सुरू होत नाही. बॅटरी हे एक कारण. दुसरं असं, की गाडी थांबते तेव्हा एखादा व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहिलेला असू शकतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडणारी आपली दमट हवा सायलेन्सरमधून थेट आत जाते आणि सीटवर, दांड्यावर गंज धरतो. म्हणून गाडी लावताना हे करा. इंजिन बंद, चावी काढलेली. किक असेल तर हाताने हळूहळू दाबत जा, अडकल्यासारखी लागली की थांबा. नुसती सेल्फची गाडी असेल तर मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने पुढे फिरवा, तशीच अडेपर्यंत, आणि मग न्यूट्रल करा. पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये आला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. नंतर सायलेन्सरच्या तोंडात तेलकट कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे उंदीरही घर करणार नाही. आणि बोळा कोंबल्याची चिठ्ठी हँडलला बांधून ठेवा. गणपतीत आलात की आधी तो काढा, एअर फिल्टरच्या डब्यातही एकदा डोकावून बघा, मग सेल्फ मारा.